सात खलाशी आणि एक कारकून

कार्ल्सरूहेत ट्रामचा शेवटचा थांबा मागे टाकला की शेतं लागतात. तिथे उन्हाळ्यात एका शेतात ग्लॅडिओलस आणि सूर्यफुलं उभी असतात. शेजारी भावाची पाटी, नाणी टाकायचा पत्र्याचा डबा आणि दोरीला बांधलेली सुरी. माणूस नाही. फुलं आपली आपण कापायची, पैसे टाकायचे आणि घरी जायचं. पहिल्यांदा जर्मनीला आलेले मराठी आईवडील हे बघून गहिवरतात, फोटो काढतात आणि परत गेल्यावर वर्षभर सोसायटीच्या लोकांना त्यावरून सुनावतात.

वासुदेवराव खासनीस गहिवरले नाहीत. २००७ च्या जुलैत मुलाकडे येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. त्यांनी डबा वाजवून पाहिला, सुरीची धार पाहिली आणि रस्त्यापलीकडच्या अक्रोडाच्या झाडामागे जाऊन ते उभे राहिले.

"अहो, काय करताय?" साधनाकाकूंनी विचारलं.

"हळू बोल. कोणीतरी बघत असणार. माल उघडा, पैसे उघडे, वर चोराच्या सोयीला हत्यार! हा सापळा आहे."

पाऊण तास ते झाडामागे होते. तेवढ्यात दोन सायकलवाल्यांनी आणि एका आजीबाईंनी फुलं घेतली आणि पैसे टाकले. कुत्रा फिरवायला आलेल्या एका गृहस्थांना मात्र झाडाआडून डब्यावर नजर ठेवणारा परदेशी माणूस दिसला. त्यांनी शेतकऱ्याला फोन केला. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला आणि त्याने अत्यंत सभ्यपणे, आपल्याला काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

"बघ," वासुदेवराव काकूंना विजयाने म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, कोणीतरी बघतंय म्हणून?"

माणूस मुळात वाईट नव्हता. सवय वाईट होती. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या कोर्टात त्यांनी पस्तीस वर्षं कारकुनी केली होती आणि त्यातली सत्तावीस साक्षी लिहून घेण्यात गेली होती. पिंजऱ्यात साक्षीदार बोलणार, न्यायाधीशसाहेब आपलं इंग्रजीत टिपण घेणार आणि खाली बसलेले वासुदेवराव मराठीत कागदावर उतरवणार. सत्तावीस वर्षं रोज अकरा ते पाच जो माणूस देवाची शपथ घेऊन बोललेलं खोटं सुवाच्य अक्षरात लिहितो, त्याने शेतकऱ्याच्या डब्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच जास्त होती.

जर्मनीने तर त्यांच्या संशयाला मेजवानीच दिली. ट्राममध्ये तिकीट कोणी मागत नाही, म्हणजे कुठून तरी लपून मोजतायत. तळमजल्यावरचे हाउसमाइस्टर, इमारतीची देखभाल करणारे श्रीयुत ब्रेनर, रोज सकाळी हसून नमस्काराचं "मॉर्गन" म्हणतात, म्हणजे त्यांना काहीतरी हवंय. रविवारी सगळं गाव चिडीचूप असतं, म्हणजे आत काहीतरी शिजतंय.

"जा बाबा, गेनाऊ," त्यांचा मुलगा यशोधन लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणे. जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर. तो संगणकातला माणूस. वडिलांशी वाद घालण्यापेक्षा प्रोग्राममधल्या चुका शोधणं सोपं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

घरात खरी धावपळ चालली होती ती सुनेची. ऊर्मिलेने पुण्यात कायद्याची पदवी घेतली आणि मग इकडे कार्ल्सरूहेजवळच्या एका जुन्या विद्यापीठात कायद्याच्या इतिहासावर डॉक्टरेट धरली. विषय असा होता: १६५३ साली इंग्लंड आणि हॉलंडची लढाई चालू असताना इंग्रजांनी इंग्लिश खाडीत एक हांबुर्गचं जहाज अडवलं. जहाजाचं नाव होफनुंग, म्हणजे आशा. ते स्पेनमधल्या कादिसहून चांदीच्या पेट्या घेऊन घरी निघालं होतं. इंग्रज म्हणाले, ही चांदी शत्रूची, डचांची, हांबुर्गचं नाव नुसतं वरवर लावलंय, जप्त. हांबुर्गचे व्यापारी म्हणाले, आमची आहे, सोडा. खटला लंडनच्या एका कोर्टात उभा राहिला आणि जहाजावरच्या सात खलाशांच्या साक्षी झाल्या. त्या साक्षींचे कागद ऊर्मिलेने लंडनला जाऊन शोधले होते.

जुने अभ्यासक म्हणत, असल्या खटल्यांतले खलाशी मालकाचं मीठ खाणारे. त्यांच्या शब्दाला किंमत नाही. ऊर्मिलेचं म्हणणं उलट होतं. वेगवेगळ्या दिवशी, एकेकटे उभे राहिलेले सात साधे लोक एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी मानायला हवी. गरिबाचा शब्द आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रबंधाचं नावच तिने 'सात आवाज' ठेवलं होतं. चार वर्षं त्यात गेली होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि आता तीस सप्टेंबर ही शेवटची तारीख होती. त्या दिवशी तिची विद्यापीठातली जागा संपत होती. प्रबंध तोपर्यंत गेला नाही तर चार वर्षं पाण्यात.

त्याच तारखेचं सासूसासऱ्यांचं परतीचं विमान होतं.

आता निवृत्त माणूस, परका देश, टीव्हीवर सगळं जर्मन आणि जेवणाच्या टेबलावर सात साक्षींच्या टाइप केलेल्या इंग्रजी नकला. वासुदेवरावांनी त्या वाचल्या नसत्या तरच नवल. कोर्टाचं इंग्रजी त्यांना वर्तमानपत्रापेक्षा सोपं जाई. ऊर्मिला विद्यापीठात गेली की ते चष्मा लावून बसत. आठवड्याभराने तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक पडलाय आणि खाली बारीक सही आहे.

"पानं हरवतात," वासुदेवराव म्हणाले. "कधी कधी हरवली जातात."

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला, वरण वाढलं जात असताना, त्यांनी बाँब टाकला.

"ऊर्मिला, तुझे हे साक्षीदार पढवलेले आहेत."

ऊर्मिलेचा डाव पातेल्यातच थांबला. "कशावरून, बाबा?"

"सात माणसं. एक सुकाणूवाला, एक सुतार, एक आचारी, बाकीचे असेच. सातही जण म्हणतात, 'चांदी चढवताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि पेट्यांवरच्या खुणा आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत.' सातांचं एकच वाक्य, तेही ह्याच क्रमाने. अगं, आम्हा दोघांना काल भाजी कसली होती विचार, दोन उत्तरं येतील."

"भाजी नव्हतीच काल," काकू म्हणाल्या. "पिठलं होतं."

"बघ."

"बाबा, ती चार वर्षं हे करतेय," यशोधन म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय. चार वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच शेवटी फितूर होतो."

ऊर्मिलेने वरण वाढलं, पण त्या रात्रीपासून घरातला संशय दुतर्फा झाला. लग्न ठरताना ह्याच सासऱ्यांनी, इतिहासाची डॉक्टर होऊन ही कोणाची नाडी बघणार, असं विचारलं होतं, हे तिला आठवलं. ह्यांना मुळातच हे पूर्ण व्हायला नकोय, असं तिच्या मनाने घेतलं. ती नकला आपल्या खोलीत ठेवू लागली. खोलीचं दार लावू लागली. दार लागलेलं पाहून वासुदेवरावांची खात्री पटली, की आत असं काहीतरी आहे जे आपल्याला दिसू नये.

"तिने कागद उचलले," ते काकूंना म्हणाले.

"तिचेच आहेत ते."

"आरोपीही हेच म्हणतो."

निरोप काकूंमार्फत जाऊ लागले. "तुझे सासरे विचारतायत, चहा घेणार का." "त्यांना सांगा, नको." तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे सगळं तिसऱ्या माणसाच्या मदतीशिवायही नीट ऐकू जात होतं. यशोधनने ऑफिसात जास्तीचं काम मागून घेतलं.

ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी सकाळी वासुदेवरावांना राहवलं नाही. त्यांनी ऊर्मिलेच्या दारावर टकटक केली. दार किलकिलं झालं.

"एकच विचारायचंय. खाडाखोड कुठंय?"

"कसली?"

"साक्षींमधली. सात साक्षी आणि एकही शब्द खोडलेला नाही? असा कागद माझ्या सत्तावीस वर्षांत झाला नाही. साक्षीदार बोलतो, फिरतो, पुन्हा बोलतो. वकील हरकत घेतो. लिहिणारा खोडतो. खोडलं की शेजारी सही करावी लागते. तुझे कागद इतके स्वच्छ कसे?"

ऊर्मिलेने दार पुरतं उघडलं. "खोडलेलं मी नकलेत घेतलं नाही, बाबा. बरेच जण घेत नाहीत. वाचणाऱ्याला अडथळा होतो. शेवटी जे कायम राहिलं तेच महत्त्वाचं."

"हे कोणी ठरवलं?"

"मी."

वासुदेवराव गप्प उभे राहिले. त्यांची ही एक जुनी युक्ती होती. उलटतपासाच्या वेळी हुशार वकील बोलायचं थांबतात, तेव्हा साक्षीदार आपणच बोलू लागतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"अस्सल कागद लंडनला आहेत," ऊर्मिला शेवटी म्हणाली. "पण फोटो आहेत माझ्याकडे. सहाशे."

"लाव."

लॅपटॉपवर पहिलं पान उघडलं तेव्हा वासुदेवराव दचकले. "हे तर मोडीच्या वरताण आहे!" एक अक्षर लागेना. पण अक्षर लागत नसलं तरी कागद लागत होता. समास कुठे सोडलाय, शाई कुठे बदललीय, टाक कुठे पुन्हा बुडवलाय, सही कुठे झालीय, हे ते बोट ठेवून दाखवू लागले. सात साक्षी आणि एकच हात, हे त्यांनी तिसऱ्या पानावर ओळखलं. ऊर्मिलेला ते ठाऊक होतं. तिने त्याला कधी महत्त्व दिलं नव्हतं. काकूंनी उपमा आणून ठेवला. तो गार झाला.

सातवा साक्षीदार आचारी होता. नाव हाइन, वय सदतीसच्या सुमारास. त्याच्या साक्षीत मधोमध तीन ओळींवर आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि वर बारीक अक्षरात दुसरं काही लिहिलेलं होतं.

"हे वाच," वासुदेवराव म्हणाले.

"वरचं नेहमीचंच आहे. आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, खुणा ठाऊक आहेत..."

"खालचं वाच."

ऊर्मिलेने चित्र मोठं केलं, पुन्हा मोठं केलं. हा फोटो तिने तीन वर्षांत पन्नास वेळा पाहिला होता आणि पन्नास वेळा रेघांवरून उडी मारून ती पुढे गेली होती. आता ती एकेक शब्द सोडवत मराठीत सांगू लागली. "त्या दिवशी... आपण किनाऱ्यावर होतो. दात उपटणाऱ्याकडे. गाल सुजला होता. काहीही चढवताना आपण पाहिलं नाही. चांदी आल्याचं... दुसऱ्या दिवशी ऐकलं."

ऊर्मिलेने त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. मग ती म्हणाली, "म्हणजे तुमचंच खरं, बाबा. पढवलेले होते."

आता वासुदेवरावांनी जिंकल्याचा आनंद करायला हरकत नव्हती. पण ते स्क्रीनकडेच बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "मी चुकलो. पढवून आणलेला माणूस दाढदुखी सांगत नाही. हा खरं बोलला. लिहिणाऱ्याने खोडलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तेच करायचो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. साक्षीदाराला नाव विचारलं तर तो म्हैस व्यायल्यापासून सुरुवात करतो. तो बोलतो तसं लिहायचं तर एका साक्षीला आठवडा जाईल, आणि दाराबाहेर चाळीस लोक बसलेले असतात. म्हणून लिहिणाऱ्याच्या हाताशी पाचसहा वाक्यं तयार असतात. 'मी आरोपीस ओळखतो.' 'घटना मी स्वतः पाहिली.' साक्षीदाराच्या बोलण्यातून ह्यातलं जे जवळपास बसेल ते घालायचं. शेवटी त्याला वाचून दाखवायचं, आणि तो 'बरोबर आहे' म्हणतो. समोर न्यायाधीश, मागे पोलीस, पंख्याचा आवाज. 'बरोबर नाही' कोण म्हणणार? इथे तर भरीला दुभाष्या. खलाशी आपल्या गावच्या जर्मनमध्ये बोलतोय, दुभाष्या सांगतोय, कारकून इंग्रजीत लिहितोय.

"सात आवाज नाहीत गं हे," वासुदेवराव म्हणाले. "एकच आहे. माझ्यासारख्याचा."

सहा आठवडे राहिले होते. दोन दिवस ऊर्मिला तेच फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती आपल्या मार्गदर्शक, प्राध्यापिका हागेडोर्न, यांच्याकडे गेली. ह्या बाई अभ्यासापेक्षा शंकांसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांनी खोडलेल्या ओळी भिंगातून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि मग विचारलं, की हे कारकुनाने सवयीने केलं की व्यापाऱ्यांच्या वकिलाने करवून घेतलं, हे कशावरून ठरवायचं? आणि मुळात हे तुम्हाला सुचलं कुठून?

"सासऱ्यांकडून," ऊर्मिलेने सांगितलं, कारण दुसरं उत्तर नव्हतं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, की साक्षी लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या कामाविषयी दिलेला जबाब कुठे छापलेला सापडत नाही. तुमच्या सासऱ्यांनी नाव घालून, सही करून तसा लेखी जबाब दिला आणि तो प्रबंधाला जोडला, तर तुमचा नवा अर्थ उभा राहील. नाहीतर तो एक अंदाज आहे, आणि जुना अर्थ तर तुम्हीच पाडलात.

ऊर्मिला घरी आली आणि तिने सरळ विचारलं.

"अजिबात नाही," वासुदेवराव म्हणाले.

"का, बाबा?"

"लेखी? सही करून? की मी सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडी माझी वाक्यं घातली? उद्या कोणीतरी ते उचलून पेन्शन ऑफिसला पाठवेल."

"जर्मनीतला प्रबंध कोण वाचणारे?" यशोधन म्हणाला. "परीक्षकसुद्धा नाइलाजाने वाचतात."

"ते तुला वाटतं. आपल्याकडे ज्याला काही वाचायचं नसतं तो नेमकं हेच वाचतो. आणि ती बाई! तिला काय पडलंय माझ्या कोर्टाचं? तिला कोणी सांगितलंय?"

दहा दिवस हे चाललं. ते फिरायला गेले की ऊर्मिला साक्षींचा अर्थ लावणाऱ्या प्रकरण पाचची फाइल उघडून बसे, आणि त्यात लिहायला काही नसे. जुनं लिहवत नव्हतं, नवं लिहिता येत नव्हतं. तिने एकदा हळूच काकूंना विचारलं, की नाव बदलून घातलं तर चालेल का. ते वासुदेवरावांच्या कानावर गेलंच. "टोपणनावाने साक्ष? म्हणजे होफनुंगच करायचंय का? माल एकाचा, नाव दुसऱ्याचं?" ते कडाडले.

शेवटी फटकारलं ते काकूंनी. कपडे वाळत घालताना, चिमटे तोंडात धरून.

"आयुष्यभर लोकांना पिंजऱ्यात उभं केलंत. 'घाबरू नका, देवाची शपथ घ्या, खरं सांगा.' आता स्वतःवर आली तर पाय लटपटतात?"

"तुला कायदा कळत नाही."

"मला तुम्ही कळता. पेन्शनीचं काय घेऊन बसलात! दुसरंच काहीतरी आहे."

वासुदेवराव फिरायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. "घे लिहून," ते म्हणाले. "आधी शपथ दे."

शपथ कशावर द्यायची, हा पेच पडला. काकूंनी देव्हाऱ्यातला गणपती आणून समोर ठेवला. ऊर्मिलेने विचारायला सुरुवात केली आणि पस्तीस वर्षांचा अनुभव असलेला तो कोर्टाचा माणूस क्षणात नमुनेदार साक्षीदार झाला. कोणत्या साली नोकरीला लागलात? आठवत नाही. साक्षी लिहिताना तयार वाक्यं वापरत होतात का? कधी कधी. कधी कधी म्हणजे किती? सांगता येणार नाही.

"अहो, मला सांगितलं होतं ना, शंभरातली ऐंशी?" काकू मध्येच बोलल्या.

"त्यांना बोलू देऊ नकोस," वासुदेवराव ऊर्मिलेला म्हणाले. "त्या साक्षीदार नाहीत."

दोन तास झाले. ऊर्मिलेने सगळं टाइप केलं, इंग्रजीत केलं, कागद छापले आणि त्यांना वाचून दाखवले. ती वाचत होती आणि वासुदेवराव खिडकीबाहेर बघत मान हलवत होते. वाचून झालं. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि पेन उचललं.

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

"मधलं पुन्हा वाच."

"'काही प्रसंगी साक्षीदाराच्या म्हणण्याचा आशय कायम ठेवून त्याची भाषा सुघड केली जात असे.'"

"हे मी म्हणालो?"

"शब्द माझे आहेत, बाबा. पण आशय तोच आहे ना?"

"हो," वासुदेवराव म्हणाले. "आशय तोच आहे, असंच मीही म्हणायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग, कोणी न विचारता, त्यांनी एका शिंप्याविषयी सांगितलं. मारामारीचा खटला होता. शिंपी दुकानात होता, बाहेर वीज गेलेली. तो पिंजऱ्यात म्हणाला, "काळोख होता साहेब. आवाज आला. मला वाटलं, तोच असणार." वासुदेवरावांना जेवायची सुट्टी गाठायची होती. त्यांनी लिहिलं, 'आरोपीस मी ओळखतो. घटना मी स्वतः पाहिली.' वाचून दाखवलं. शिंपी क्षणभर थांबला, त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे." आरोपीला दोन वर्षं झाली. अपील झालं, तेव्हा वरच्या कोर्टाने निकालात लिहिलं, की प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष आहे आणि ती विश्वासार्ह आहे. निकालाची ती नक्कल वासुदेवरावांनीच फायलीला लावली.

"त्यानेच मारलं असेलही," ते म्हणाले. "नसेलही. मला माहीत नाही. हे लिही. मी म्हणतोय तसंच लिही."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा शिंपी त्यांनी ऐकला नव्हता. ऊर्मिलेने आपली सुघड वाक्यं काढून टाकली. ह्या वेळी तिला सगळा दिवस लागला, कारण वासुदेवराव प्रत्येक वाक्यापाशी थांबवून, मी असं म्हटलं का, असं विचारत होते.

जबाब गेला, आणि दोन दिवसांनी प्राध्यापिकाबाईंचं पत्र आलं. जबाब महत्त्वाचा आहे, असं त्यात होतं. पण साक्षीदार उमेदवाराचा जवळचा नातेवाईक आहे. त्याचं उमेदवाराच्या यशात हित आहे. तेव्हा तो विश्वासार्ह आहे की नाही, हे त्याला समक्ष विचारल्याशिवाय आपण ठरवू शकत नाही.

ऊर्मिलेचा चेहरा पडला. वासुदेवरावांनी पत्र तिच्याकडून दोनदा भाषांतर करून घेतलं.

"ह्या देशात आल्यापासून पहिला शहाणा माणूस भेटला," ते म्हणाले. "कधी बोलावलंय?"

सतरा सप्टेंबरला, दुपारी दोन वाजता. खोलीत ऊर्मिलेला बसायला परवानगी होती, बोलायला नाही. बाईंनी पाऊण तास त्यांना इंग्रजीत भाजून काढलं. त्या काळात तुमच्या कोर्टात किती कारकून? न्यायाधीश तुमचं लिहिलेलं तपासत होते का? का नव्हते? शिंप्याचं नाव काय? वासुदेवरावांनी नाव सांगितलं नाही. तो माणूस अजून गावात असेल, असं म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या पुढे झुकल्या.

"हे सगळं तुम्ही तुमच्या सुनेसाठी रचलेलं नाही, हे मी कशावरून मानू?"

वासुदेवरावांनी विचार केला. "रचायचं असतं तर मी चांगलं रचलं असतं, मॅडम. त्यात मी इतका वाईट दिसलो नसतो."

बाईंनी पेन थांबवलं. पहिल्यांदाच त्या थोड्या हसल्या, आणि तेवढ्यानेही वासुदेवराव सावध झाले.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर विश्वास ठेवते. पूर्ण नाही. त्या शिंप्याच्या गोष्टीत तुम्ही अजून काहीतरी ठेवून घेतलंय."

वासुदेवराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बाईंनी ऊर्मिलेकडे वळून सांगितलं, की जबाब जोडा, पण तळटीपेत साक्षीदाराचं नातं लिहा आणि माझी ही शंकाही लिहा. प्रकरण पाच तेरा दिवसांत बसवता येईल?

"जा," ऊर्मिला जर्मनमध्येच म्हणाली.

ट्राममध्ये बसल्यावर तिने विचारलं, "बाबा, खरंच ठेवून घेतलंय का काही?"

ते खिडकीतून बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तो थांबला होता ना वाचून दाखवल्यावर? तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, 'म्हण लवकर.' हळू. साहेबांना ऐकू गेलं नाही."

ऊर्मिलेने पिशवीतून वही काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून वहीकडे पाहिलं. तिने पेनचं टोपण काढलं, तरी त्यांनी अडवलं नाही. मग तिने ते दोन शब्द लिहिले आणि वही सहीसाठी त्यांच्यापुढे धरली.